उपन्यास म्हणजे कादंबरी नव्हे

नांदेड स्टेशनवर गाडी हलली, तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. "वर्षभर काढ, मग बदली माग," एवढंच म्हणाले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, आणि बँकेने पहिलीच नेमणूक दिली ती कुंभकोणमला.

तिथे मला खोली मिळाली रुक्मिणीमावशींकडे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर सगळं तमिळ. घरात जुन्या वळणाची मराठी, जी माझ्या कानांत बसायला बरेच दिवस लागले. एका संध्याकाळी त्या दारात आल्या. "देवळांत उपन्यास आहे. येतीस काय?"

बाबा शाळेत हिंदी शिकवायचे. उपन्यास म्हणजे कादंबरी, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण देवळात कादंबरी? जाऊन पाहिलं, तर एक गृहस्थ पुराणकथा सांगत होते, तमिळमध्ये. आपल्याकडचं प्रवचनच ते. मावशी माझ्या कानाशी मराठीत सांगत राहिल्या.

परतताना मी त्या शब्दाचं विचारलं.

"उप म्हणजे जवळ, न्यास म्हणजे ठेवणें. पोथींतलें उचलून माणसाच्या जवळ ठेवायाचें. तुम्ही त्याची कादंबरी कशी केलीत, तें मला काय ठाऊक!"

फोनवर हे ऐकून बाबा पोटभर हसले. मग म्हणाले, "जन्मभर हा शब्द शिकवला, पण कधी फोडून पाहिला नाही."

वर्ष सरलं आणि बाबा आले, मला न्यायलाच आल्यासारखे. त्या आठवड्यात देवळात कुचेलाची कथा चालली होती. बाबांना तमिळचं अक्षर कळत नव्हतं. "अवल, अवल म्हणतायत ते काय?" त्यांनी विचारलं.

"पोहे, बाबा."

"अरे, मग हा आपला सुदामाच की!" ते सरसावून बसले.

मला राहवेना. "बाबा, मी बदली मागितलेली नाही. मला इथेच राहावंसं वाटतंय."

बाबांनी समोर चाललेल्या कथेकडे बोट दाखवलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "थांब जरा. सुदामा परत निघालाय. आता त्याला स्वतःचं घर ओळखू येणार नाही. आतून बायको हाक मारील, तेव्हा कळेल त्याला. तुला हाक इथूनच आली, एवढं कळलं मला."

पलीकडून मावशींनी विचारलं, "काय म्हणतात बाबा?"

"राहा म्हणतात," मी म्हणाले.