जात्यातली झिणझिण

लग्न होऊन शिवाजी पेठेत आले तेव्हा मला विजेची फार भीती वाटायची. राधानगरीकडच्या माझ्या माहेरी तोवर वीज पोचलीच नव्हती. बटण दाबताना मी बोटाला पदर गुंडाळायची आणि शेजारणी पोट धरून हसायच्या. नवरा पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरून देणारा कारागीर आणि बायको बटणाला भिणारी, म्हणून हसू जरा जास्तच.

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. पेठेतल्या तालीम मंडळाच्या गणपतीपुढचा हलता देखावा करायचं काम त्या वर्षी ह्यांच्याकडं आलं. भाकरी थापताना मी माहेरच्या ओव्या गुणगुणायची, त्यावरून ह्यांनी एका लेकीची गोष्ट बांधली. देखाव्यात माणूस एकही नाही, नुसत्या घरातल्या वस्तू. पुढं प्लायवूडचं मोठं जातं. बघायला येणाऱ्यानं ते स्वतः फिरवायचं. फिरवलं की आतल्या पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि एकेक मोटार सुरू व्हायची. आधी विहिरीतनं पोहरा वर यायचा, मग सूप पाखडायला लागायचं, ताकातली रवी घुमायची आणि शेवटी रिकामा पाळणा हलायचा. मागं टेपवर माझ्या आवाजातल्या ओव्या.

"बाहुल्या न्हाईत? मग बघायचं काय?" तालमीचे अध्यक्ष म्हणाले होते. पण पहिल्याच दिवशी बायकांची रांग लागली. जातं फिरवताना कुणी हसायच्या, कुणी डोळ्यांना पदर लावायच्या. मी पडद्यामागं टेपजवळ बसायची.

तिसऱ्या दिवशी जात्याचा लाकडी खुंटा मोडला. ह्यांनी घाईघाईनं त्या जागी लोखंडी पाइपचा तुकडा बसवला. त्याच दुपारपासून पावसानं जी धार धरली ती सुटेचना. मांडव गळायला लागला, खाली अंथरलेली पोती भिजून चिंब झाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईनं खुंट्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. मी पडद्याच्या फटीतनं बघत होते. बाई क्षणभर आपल्या तळव्याकडं बघत राहिली. मग तिनं जात्यालाच हात जोडले.

"हाताला मुंग्या आल्या गं! आईच हाय हितं!"

रांगेतली पुढची बाई चपला काढूनच पुढं झाली. तिलाही झिणझिणलं. तिनं डोळे मिटले. तासाभरात जात्यात देवी आल्याची बातमी पेठभर झाली. बायका हळदीकुंकू घेऊन येऊ लागल्या. सगळ्या अनवाणी, ओल्या पोत्यांवर उभ्या.

मी ह्यांना पडद्यामागं ओढलं. "अहो, त्या पायपात करंट उतरलाय."

"तुझ्या डोक्यात उतरलाय," ते म्हणाले. तरी गेले, रबरी चपला घालून, आणि पाइप धरून उभे राहिले. "बघ. काय हाय? कायबी न्हाय."

तिथंच माझी पंचाईत झाली. जन्मभर न घाबरण्याच्या गोष्टींना घाबरलेली मी, ही भीती खरी की नेहमीचीच, हे माझं मलाच कळेना. अध्यक्षांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "वैनी, गर्दी बघा की! असला देखावा पेठंत झाला न्हाय कधी." मी परत टेपजवळ बसले. टेपवर माझाच आवाज गात होता आणि मला तो ऐकवेना. दर बाईगणिक मी श्वास धरायची, तिनं हात सोडला की सोडायची. एकीनं कडेवरचं लेकरू पुढं केलं. त्याचा इवलासा हात धरून ती पाइपकडं न्यायला लागली.

मेन स्विच माझ्या डोक्याच्या वर होता. त्याला मी आजवर कधी हात लावला नव्हता. पदरबिदर काही आठवलं नाही. मी उठले आणि दांडा खाली ओढला.

सगळा मांडव अंधारला. आरडाओरडा झाला, लेकरू रडायला लागलं. ते रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला. हे बॅटरी घेऊन धावत आले. "खुळी झालीस काय? कुणी पाडला स्विच?"

"मी पाडला. चपला काढा, खाली ओल्यात उभं ऱ्हावा, मग मी चालू करते. आणि तुमी हात लावा."

त्यांनी चपलेतनं एक पाय काढला, ओल्या पोत्यावर ठेवला आणि तसेच थांबले. माझ्याकडं बघितलं. मग पाय परत चपलेत घातला आणि खिशातला टेस्टर काढून पाइपला टेकवला. "लाव," म्हणाले. मी दांडा वर केला. टेस्टरमधला लाल दिवा पेटला.

जातं उघडलं तेव्हा कळलं. पाइपचं खालचं टोक आतल्या वायरीवर घासून घासून तिचं रबर गेलं होतं.

"कुणाला सांगू नगा," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "लोक मारतील आपल्याला."

त्या रात्री हे जेवले नाहीत. सकाळी त्यांनी नवा लाकडी खुंटा बसवला, पट्ट्या काढून टॉर्चच्या सेलवर चालणारी बेल लावली. जातं फिरून बेल वाजली की मी आतनं मोटारी चालू करायच्या, असं ठरलं. आणि संध्याकाळी, अध्यक्ष नको नको म्हणत असताना, ते रांगेपुढं उभे राहिले.

"मावश्यांनो, काल ती आई नव्हती. माझी चूक झालती. वायर घासून करंट आलता. कुणाचा जीव गेला असता."

मग आदल्या दिवशीची तीच म्हातारी पुढं आली. तिनं खुंटा धरला, जातं फिरवलं, थोडा वेळ वाट बघितली. हाताला काहीच लागलं नाही.

"करंट तुझ्या मोटारीत असंल, पोरा," ती म्हणाली. "मला काल आई भेटली. तुझ्या बायकूनं अंधार केला म्हणून ती गेली."

रांग निम्मी झाली. पुढची चार वर्षं पेठेतल्या काही बायका संक्रांतीला मला वाण द्यायच्या नाहीत. हे मात्र माझ्या भीतीला पुन्हा कधी हसले नाहीत. नवं काम हाती घेतलं की चालू करण्याआधी मला हाक मारायचे, "जरा बघ गं, तुला कुठं भ्या वाटतंय काय?" आणि मी प्रत्येक वायर बघायची.