रगतपिती नव्हती ती

निजामी अमलाच्या अखेरीस मी उमरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. हैदराबादला उर्दूतून शिकून नुकताच आलेलो. एका सकाळी एक शेतमजूर बायकोला बैलगाडीतून घेऊन आला. तिला रगतपिती, म्हणजे महारोग झाला असं ठरवून गावाने तिला शिवारातल्या खोपीत ठेवलं होतं. तान्ही मुलगी सासूने काढून घेतली होती.

"जुलाब काही थांबंना साहेब," नवरा म्हणाला. "आन् आता काय बी बडबडून राहिली."

तिची मान आणि हात काळे पडून भेगाळले होते, पण चोळीने झाकलेली कातडी स्वच्छ होती; ऊन लागे तेवढाच भाग काळा होता. मी तिला डोळे मिटायला सांगून काळ्या कातडीवर कापूस टेकवला. दर वेळी तिने बरोबर जागा दाखवली. रगतपितीच्या डागाला स्पर्श असा कळत नाही. जीभ लालभडक होती.

"खाते काय?"

"भाकर, मीठ-मिरची. डाळ सणावाराला," नवऱ्याने सांगितलं.

पेलाग्रा हा निकस खाण्यामुळे होणारा आजार आम्हाला घाईने शिकवला होता. तो मका खाणाऱ्या दूरच्या मुलुखातला, आपल्याकडे दिसायचा नाही, असं म्हणून. इथे मका नव्हता, ज्वारी होती. तरी बाकी सगळं जुळत होतं. मी तिला ठेवून घेतलं आणि पदरच्या पैशाने दूध, अंडी, काळीज, शेंगदाणे सुरू केले.

आधी जीभ निवळली. मग एके दिवशी तिने शांतपणे विचारलं, "माझी लेक कुठं हाय?"

सासू लेकराला घेऊन आली, पण उंबऱ्यातच थांबली. "लेकराला लागंल का हो?"

"न्हाई," म्हणत मी सुनेचा हात हातात घेतला. म्हातारी बघत राहिली. मग पुढे येऊन तिने मूल आईच्या मांडीवर ठेवलं.

तपासणीला आलेल्या वरिष्ठांना मी अशा रोग्यांसाठी दूध मंजूर करा म्हणालो.

"दवाखान्यात दवा मिळते, दूध नाही," ते हसले. मग त्यांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि हळूच म्हणाले, "यीस्टनेही हे बरं होतं, आणि ते दवेत धरतात. ते मागवा, मी मंजूर करतो."

यीस्ट आलं. पण घरी ती पुन्हा कोरड्या भाकरीवरच जाणार होती. ती निघताना मी नवऱ्याला विचारलं, "शेंगा पिकतात का तुमच्याकडं?"

"हाव. मालक काढणीची मजुरी शेंगांतच देतो. त्या आम्ही धर्माबादेच्या बाजारात इकतो."

"सगळ्या विकू नका. हिच्यासाठी ठेवा."

पुढच्या हिवाळ्यात ती लेकीचा खोकला दाखवायला आली. मी आधी तिचेच हात पाहिले. कातडी मऊ, स्वच्छ होती.