आत दुमडलेलं दीड इंच: सोलापूरचे दोन दिवस

झालेलं थोडक्यात असं:

१. मी पुण्याहून सोलापूरला गेले. दोन दिवस, एक मुक्काम.
२. बायकांच्या कामाच्या पँटी शिवून देणारा कारखाना शोधायचा होता. एक सापडला.
३. त्यांनी सहा मापांचे सहा नमुने शिवले. एकही माझ्या तक्त्याप्रमाणे नव्हता.
४. मी सहाही नाकारले.
५. त्यातली एक पँट घालून हे लिहिते आहे.

आता सविस्तर.

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी: मी कापड तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं, चार वर्षं एका कंपनीत तयार कपड्यांची गुणवत्ता तपासली आणि गेल्या वर्षापासून स्वतःच्या पँटी विकते. मोबाइल पूर्ण मावेल असे खिसे, जाड कापड, सहा मापं. जोडीला टॉवेलच्या कापडाचे बटवे, ओले कपडे ठेवायला. चाळीस पँटींचा पहिला गठ्ठा पुण्यात शिवून घेतला होता. त्या शिंप्याने काम सोडलं. दुसरा गठ्ठा कुठे शिवायचा, हा प्रश्न होता. शाळेचे गणवेश सोलापुरात मोठ्या प्रमाणावर शिवले जातात आणि ऑगस्टनंतर तिथली मशिनं रिकामी असतात, एवढं मला माहीत होतं.

स्वारगेटहून सकाळी सहाची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. इंदापूरच्या पुढे वीस मिनिटांचा थांबा. तिथला चहा गोड आहे, पोहे टाळले तरी चालतील. रस्ता चांगला आहे. मोहोळला अर्धी बस उतरली आणि मला खिडकी मिळाली. साडेअकराला सोलापूर. स्टेशनजवळच्या लॉजवर खोली आधी सांगून ठेवली होती. स्वच्छ आहे, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. सोबत नेलं ते असं: एक शिवलेली पँट, तिचे कागदी साचे, मोजमापाचा तक्ता, टेप, छोटा वजनकाटा. नमुने शिवायला कापडही पुण्याहूनच नेलं होतं. सोलापुरात टॉवेल आणि चादरी विणतात. पँटचं कापड तिथेही बाहेरूनच येतं. तुम्ही असं काही करायला निघाला असाल तर हे आधी समजून घ्या, माझा एक हेलपाटा वाचला.

अनसूयाक्कांचा कारखाना अशोक चौकाच्या मागे, एका घराच्या माडीवर आहे. नऊ मशिनं. त्या दिवशी तीन चालू होती, सहा चादरींनी झाकलेली. अक्का पन्नाशीच्या, निघण्याआधी त्यांच्याशी फोनवर बोलून ठेवलं होतं. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, फोनवर दोन्ही. माझा तक्ता त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. आजवर एवढं कोणी केलं नव्हतं.

"पाव इंचाचा फरक चालणार न्हाय म्हणता?"

"नाही."

"शाळावाले पोरगं बघून माप सांगतात. मोठं, मधलं, बारकं. तुमी लई कागद आणलाय." मग मागे वळून म्हणाल्या, "मास्तर, आलं बघा परीक्षेचं काम."

अब्बास मास्तर कापड बेततात. त्यांनी माझा साचा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि खडू घेतला.

नमुने दुसऱ्या दिवशी दहाला मिळणार होते. बेतणं सुरू असताना मी तिथे थांबायला हवं होतं. ही माझी चूक. मी बटव्यांसाठी टॉवेलचं कापड बघायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. विणताना धागा सुटलेले टॉवेल तिथे किलोवर मिळतात. नगावर भाव विचारला तेव्हा दुकानदार हसला आणि त्याने एक टॉवेल तराजूत टाकून दाखवला. जाड टॉवेल महाग, पातळ स्वस्त, लांबी-रुंदीचा प्रश्नच नाही. मला ही पद्धत आवडली. सहा किलो घेतले.

संध्याकाळी नव्या पेठेत जेवण. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. कडक भाकरी महिनाभर टिकते, घरी न्यायला बरी. चटणी पाव किलो घेतली. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "एकट्याच आलाव?" हो म्हटलं. "मग जेवा की नीट," म्हणाल्या आणि न विचारता आणखी दही वाढलं.

दुसऱ्या दिवशी दहाला सहाही पँटी टेबलावर घडी करून ठेवलेल्या होत्या. मी टेप काढला. कंबर, सीट, मांडी, लांबी. सगळी मापं तक्त्याबरहुकूम. शिलाई सरळ. पाच मिनिटं मला वाटलं की काम झालं. मग पहिली पँट वजनकाट्यावर ठेवली. अपेक्षेपेक्षा जड. दुसरीही.

पँट उलटी केली. मागच्या मधल्या शिवणीत मी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच दाब सांगितला होता. दाब म्हणजे शिवणीच्या आत राहणारं कापड. इथे दीड-दीड इंच होता. पायाशी एक इंच दुमड सांगितली होती, तीन होती. कमरेचा पट्टा मी अखंड ठेवला होता, तो मागे मधोमध कापून जोडला होता, मुलग्यांच्या शाळेच्या पँटीला असतो तसा.

"हे कोणी बदललं?"

मास्तर पुढे आले. "हौ मॅडम, मैंच डाला. तुमच्या कागदात सोडायला दाबच नव्हता. नवीन हैं, भूल गए होंगे, ऐसा वाटला. सबके सामने कायकू बोलना?"

म्हणजे मी विसरले असं समजून त्यांनी माझी चूक झाकली होती. मी विसरले नव्हते. जास्त दाब म्हणजे जास्त कापड, मागे जाड शिवण, प्रत्येक नगामागे वाया जाणारा पट्टा. हे सगळं मी सांगितलं. सहाही नमुने नाकारते, असंही सांगितलं. आवाज चढवला नाही. तरी मशिनं थांबली.

अक्कांनी एक पँट उचलली. "ह्यो दाब वाया जात न्हाय, अम्मा. पोरगं पाचवीत घालतंय ती पँट सातवीपर्यंत जाती. दरवर्षी उसवायची, सोडायची. दाब न्हाय ठिवला तर आया दुकानात येऊन भांडतात."

"माझी गिऱ्हाइकं मोठी आहेत. ती वाढत नाहीत."

यावर खिडकीजवळच्या मशीनवरची रेणुका हसली. नुसती हसली नाही, कपाळ मशीनला टेकवून हसली. "अक्का, ऐकलं का? पुण्याच्या बायका वाढत न्हाईत म्हणे. मला बी तिकडंच पाठवा की."

"तू आधी लग्नातलं पोलकं घालून दाखव," दुसरी कोणी म्हणाली.

"त्याला दाब होता म्हणून तीन बाळंतपणं निघाली. मॅडमच्या कागदानं शिवलं असतं तर बारशालाच फाटलं असतं."

मास्तरसुद्धा तोंड फिरवून हसत होते. मी हसले नाही. मला एक नोंद आठवत होती.

पहिल्या चाळीस पँटींपैकी नऊ परत आल्या किंवा त्यांच्याबद्दल तक्रार आली. मी प्रत्येकीपुढे एकच कारण लिहिलं होतं: 'ग्राहकाने माप चुकीचं निवडलं.' फोन काढून ते नऊ निरोप तिथेच पुन्हा वाचले. चौघींचं माप खरोखर चुकलं होतं. पाच जणींनी तीन-चार महिन्यांनी लिहिलं होतं. "आधी छान बसायची." "आमचा शिंपी म्हणतो, सोडायला आत कापडच नाही." त्यांनी माप बरोबर निवडलं होतं. माप नंतर बदललं होतं.

गेल्या वर्षी माझंही बदललं. कारण इथे लिहिणार नाही. कमरेने तीसची मी बत्तीसची झाले आणि स्वतःच शिवून घेतलेली पँट कपाटात गेली. ते माप बत्तीसवर थांबेल की परत फिरेल, मला माहीत नाही.

"तीसची पँट उसवून दाखवा," मी मास्तरांना म्हटलं.

त्यांनी ती रेणुकाकडे दिली. तिने पट्ट्याची मागची जोड उसवली, शिवण खाली सीटपर्यंत उसवली, खडूची नवी रेघ मारली आणि शिवली. मी वेळ लावली होती. अकरा मिनिटं. आतल्या खोलीत जाऊन घातली. बसली. बाहेर आल्यावर रेणुकाने मला गोल फिरायला लावलं आणि म्हणाली, "वाढल्या बघा मॅडम."

तेवढ्यावर निर्णय घेता आला नसता. उसवलेल्या शिवणीची जुनी रेघ दिसते. शाळेत माझ्या स्कर्टच्या खालच्या घेराला दरवर्षी अशी एक गडद रेघ वाढायची. सगळ्या मुलींच्या असायची, त्यामुळे कोणी बघायचं नाही. ऑफिसात बघतील. नव्या कापडात फरक कळत नाही, धुऊन धुऊन विटलेल्या कापडात कळेल. किती, ते वापरल्याशिवाय सांगता येणार नाही. मागची जाड शिवण दिवसभर खुर्चीत टोचते का, तेही.

अक्कांना हेच सांगितलं. त्यांनी त्यांचंही सांगितलं. शाळा सुरू झाल्या की गणवेशाचं काम संपतं. मशिनं झाकायची वेळ आली की बायका विडी वळायला जातात, आणि एकदा गेल्या की मार्चपर्यंत परत येत नाहीत.

"सहा जणी उद्यापास्नं जाणार हुत्या," अक्का म्हणाल्या. "तुमचा फोन आला म्हणून थांबवल्यात. ह्या महिन्याच्या शेवटापर्यंत थांबवते. फुडं मला बी जमायचं न्हाय."

"रेणुकाताई, तुम्हीपण जाणार?"

"जावं लागंल की. विडीला बसलं की मान वर करता येत न्हाय. हितं निदान खिडकी हाय." मग लगेच, "पर तुमी नुसतं माझ्याकडं बघून आर्डर दिऊ नका. पँट बगा."

मी तसंच करायचं ठरवलं. नकार मागे घेतला. ऑर्डर दिली नाही. सहाही पँटी घेतल्या. निघताना मास्तरांनी माझे कागदी साचे परत दिले. प्रत्येकावर, माझ्या रेघेच्या बाहेरून, त्यांची खडूची रेघ होती.

दुपारी दोनची एसटी. टॉवेलचे सहा किलो मांडीवर, कारण वरचा रॅक भरलेला. संध्याकाळी साडेसातला घरी.

या गोष्टीला आठवडा झाला. तीसची पँट मी सहा दिवस घातली, तीनदा धुतली. शिवण पहिल्या दिवशी जाणवली, नंतर नाही. रेघ उन्हात दिसते, खोलीत दिसत नाही. चटणी संपली. तक्त्यात दाबाचा आकडा अजून अर्धा इंचच आहे. मी तो बदललेला नाही, कारण एक पँट आणि एक बाई एवढ्यावरून मी आकडे बदलत नाही.

त्या पाच जणींना: मी तुम्हाला 'पुढच्या वेळी माप नीट बघून घ्या' असं उत्तर पाठवलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं. तुम्ही माप नीटच घेतलं होतं.

माझ्याकडे आता पाच पँटी आहेत. कंबर २८, ३२, ३४, ३६ आणि ३८. पाच बायका हव्या आहेत, त्या पाच जणींना पहिला हक्क. पँट पाठवेन. दहा दिवस घालायची, निदान पाच वेळा धुवायची, मग जवळच्या शिंप्याकडून मागची शिवण एक इंच सोडून घ्यायची आणि उजेडात फोटो काढून पाठवायचा. शिवण टोचली तर टोचली असंच लिहा. महिनाअखेरीच्या आत मला अक्कांना हो किंवा नाही सांगायचं आहे.

तुमचं माप यात असेल आणि तयारी असेल, तर कृपया येत्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत खाली कळवा.