सरांचा एका शब्दाचा शेरा

मला लिहिता येतं असं नाही, तरी लिहितोय, माफ करा. सरांनी माझ्या निबंधाखाली फक्त 'डिस्कर्सिव्ह' लिहिलं. शब्दकोशात दोन अर्थ होते: भरकटणारा आणि तर्काने पुढे जाणारा. मी पहिलाच धरला आणि कॉलेज सोडून कंपनीत काम मागायला पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो.

समोर शिफ्टला निघालेले एक काका होते. त्यांनी कुठे निघालास विचारलं, तेव्हा मी शेऱ्याचं सगळं सांगितलं; मग त्यांनी पिशवीतला निबंध काढून मोठ्याने वाचायला लावला. खाडीचा बांध का फुटतो, याच्या प्रत्येक कारणाला ते एक बोट मिटत गेले. शेवटी मूठ झाली.

"फिरतोस लय," ते हसले, "पन घरी येतोस नं! मंग पळतोस कशाला?"

रोह्याहून मी तसाच परतलो. सोमवारी भीतभीत सरांना विचारलं, कोणता अर्थ?

"दुसरा रे, वेड्या!"