सुजलेला गुडघा

मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या जीपमध्ये ती बाई आठवड्यातून तीनदा भेटायची. बारा वर्षांच्या मुलीला बास्केटबॉलच्या सरावाला न्यायची. चेंडू स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून बसायची आणि सगळ्या जगावर वैतागायची. "शेजारीण विचारते, पोरगी अजून टीव्हीवर कशी नाय? दोनच वर्षं झाली, काय झाडाला लागतात काय खेळाडू?" तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मुलीचा गुडघा सुजला होता, म्हणून दोघी डॉक्टरकडे निघाल्या होत्या. वाटेत प्रशिक्षकांचा फोन आला. उद्या सामना होता, पट्टी बांधून तिला खेळवू म्हणत होते.

"नाय सर. नाय खेळणार ती," बाईने फोन ठेवला. मुलगी खिडकीकडे तोंड करून रडू लागली.

मला राहवलं नाही. "अहो, एकच तर मॅच आहे."

ती माझ्यावरच उखडली. "तुमी कल्याणला उतरून जाल. गुडघा जन्मभर हिलाच वापरायचाय. वीस वर्षांची झाली तरी खेळायचंय तिला!"

कल्याणला उतरल्यावर मुलगी रागाने एकटीच लंगडत पुढे निघाली.

"बोलू नको माझ्याशी, आये!"

"नको बोलू! पण सावकाश चाल गो!"

बाई क्षणभर तिथेच थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्याची सुट्टी टाकली होती मी. तिची पहिलीच मॅच बघायला."

आणि मुलीच्या मागे धावली.