लाल कोटवाल्याचा डबा

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, ही चाल ज्या कोणी पाडली त्याचा पत्ता मला हवा आहे. मी डोंबिवलीहून अनवाणी चालत जाईन, वाटेत पाणी पिणार नाही, आणि त्याला दारात गाठून विचारेन की बाबा रे, तुझा डबा कधी कुणाकडे अडकला होता का.

मी पाइपच्या तंबाखूचे जुने पत्र्याचे डबे जमवतो. पाइप जन्मात ओढलेला नाही. मला भाजक्या सुपारीनेही ठसका लागतो. नाद आहे तो डब्यांवरच्या चित्रांचा. शहाडच्या भंगारवाल्यांकडे मी इतका गेलेलो आहे की मला बघून तिथला तराजू आपोआप झुकतो. तिथेच मला लाल कोटवाला सापडला. लाल कोटातला घोडेस्वार, पुढे शिकारी कुत्री, मागे धुकं, कडेने सोनेरी वेलबुट्टी. झाकण उघडलं की गूळ, मनुका आणि बंद कपाट यांचा असा वास सुटे की डोंबिवली पूर्वेला डबा उघडावा आणि पश्चिमेच्या लोकांनी शिंकावं. असला डबा धुवायचा नसतो. कोरड्या फडक्याने नुसता गोंजारायचा. रंग गेला की डबा मेला.

नौपाड्यातला एक निवृत्त दंतवैद्यही याच नादाचा. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "लाल कोटवाला? तुमच्याकडे? तुम्ही खडवलीच्या नदीत मगर पाहिलेली, तसाच ना हा?"

"या आणि डोळ्यांनी बघा."

"दिवाळी झाली की येतो."

माझी सगळी पत त्या डब्यावर टांगली गेली.

आणि ऐन दिवाळीत फळीवरून डबाच गायब.

"अहो, शोधू नका," बायको आतून म्हणाली. "त्यातून मावशींना चिवडा दिलाय."

समोरच्या दारातल्या मावशींचे यजमान गणपतीच्या सुमारास गेले. वर्ष होईपर्यंत त्यांच्याकडे फराळ होणार नाही, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना फराळ देते. रास्तच आहे. माझी तक्रार चिवड्याबद्दल नव्हती.

"पण त्या डब्यातून?"

"आपले स्टीलचे डबे सगळे लोकांकडे अडकलेत. आणि याचं झाकण घट्ट आहे. चिवडा मऊ पडत नाही."

मी समोर गेलो. डबा ओट्यावरच होता, रिकामा, हात लांब केला तर हाताला येईल इतका.

"मावशी, डबा न्यायला आलोय."

"अरे, रिकामा कसा देऊ? आणि फराळ तर या वर्षी नाही."

"चिमूटभर साखर घाला."

"वर्षाच्या आत आमच्याकडून गोड बाहेर जात नाही."

"मग मीठ?"

"मीठ असं देतात का कुणी? भांडणं लावायचीत आपल्यात?"

"तांदूळ?"

त्यांनी यजमानांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मागे फिरलो.

म्हणजे बघा, घरात गोणभर सामान, पण माझ्या डब्यात पडायची लायकी एका जिनसाची नाही. दुःखातल्या बाईशी पत्र्यावरून भांडता येत नाही, आणि हे तिलाही ठाऊक असावं. इकडे दंतवैद्याला मी कारणं देत राहिलो. ताप झाला, पाहुणे झाले, शेवटी लिफ्ट बंद आहे म्हणालो. मी तळमजल्यावर राहतो, हे त्याला पक्कं माहीत.

वर्षश्राद्ध झालं आणि मावशी स्वतः दारात आल्या. हातात चकचकीत, पांढराशुभ्र, वाटीसारखा गोल काहीतरी डबा.

"घे बाबा तुझा डबा. मेला किती कळकट झालेला. सोड्यात भिजवला, तारेच्या घासणीने घासला, मनगटं भरून आली बघ. म्हटलं, चांगल्या घरचा डबा, लख्खच जायला हवा."

घोडा नाही, कुत्री नाही, धुकंसुद्धा नाही. आत बेसनाचे लाडू. वर्षानंतर त्या घरात पहिल्यांदा गोड झालेलं.

"छान निघालाय," मी म्हणालो. आयुष्यात मारलेली ही माझी एकमेव थाप.

दंतवैद्य नेमका त्याच रविवारी न सांगता उपटला. डबा फिरवून फिरवून पाहिला, त्यात स्वतःचे दात पाहिले आणि म्हणाला, "घोडेस्वार कुठाय?"

"घासला गेला."

"हं," तो म्हणाला. त्या एका हं मध्ये माझी सगळी पत बुडाली. उभ्या जन्मात एकदा मी शब्दन्‌शब्द खरं बोललो होतो, आणि नेमका तेव्हाच खोटारडा ठरत होतो. मी दार उघडून मावशींना हाक मारली.

"मावशी, साक्ष द्या. या डब्यावर लाल कोटवाला होता की नव्हता?"

"कोट कसला," मावशी म्हणाल्या. "गंज होता तो."

दंतवैद्याने दुसरा लाडू घेतला.