हरवली आहे: सापाची लस

राहीचा उजवा पाय लहानपणीच तापात गेला आणि पायातलं सगळं बळ जिभेत उतरलं, असं किन्हवलीत म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. अपंगांच्या कोट्यातून तिला टेलिफोन बूथ मिळाला, तेव्हापासून ती त्या एवढ्याशा टपरीत बसून अख्ख्या बाजारपेठेला तालावर नाचवायची. नवरा कोंडू शेत बघायचा, ही फोन बघायची. फोनवर कोण रडलं, कोण भांडलं, सगळं तिच्या कानावरून जायचं, पण एक शब्द कधी बाहेर फुटला नाही.

सत्त्याण्णव साली ठाण्याच्या एका संस्थेचे गुप्ते साहेब जीपमधून एक डबा घेऊन आले. बिस्किटाच्या रंगाचा, पुढे छोटा पडदा, खाली दुमडणारी बटणांची पाटी. फ्रान्समध्ये म्हणे सरकारनेच असले डबे लोकांना फुकट वाटले होते. जाडजूड डिरेक्टरी छापायची कटकट नको, ज्याला नंबर हवा त्याने डब्याला विचारावं. मग लोक त्याच्यावरच रेल्वेची तिकिटं काढायला लागले, गप्पा मारायला लागले. तिकडचे जुने झालेले चौदा डबे संस्थेने आणले आणि शहापूर-मुरबाडमधल्या चौदा गावांत ठेवले. एक खर्डीला, एक म्हशाला, एक राहीच्या टपरीत.

"याला डोकं नाही, बरं का राहीबाई," गुप्ते साहेब म्हणाले. "डोकं ठाण्याला. मोठा कॉम्प्युटर आहे तिथे. हा नुसता डोळा."

राहीने दोन दिवसांत डब्यावर हात बसवला. ठाण्याचा नंबर फिरवायचा, पलीकडून शिट्टी आली की बटण दाबायचं आणि रिसीव्हर खाली ठेवायचा. मग वरून खाली एकेक ओळ उमटत पान यायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ओळीत चाळीस अक्षरं, पानात चोवीस ओळी, त्याहून एक अक्षर जास्त मावत नसे. बटणांवर फ्रेंच लिहिलेलं, ते कोणाच्या बापाला कळणार? तिने आपल्या टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे पाठव, हिरवी म्हणजे पुढचं पान, पिवळी म्हणजे मागे. येणारं पान एसटीच्या वेगाने यायचं. आपण काही टाइप करून पाठवायचं म्हटलं की मात्र बैलगाडी. आणि बंद केला की डब्याला काही आठवायचं नाही, कालचं पान पुन्हा ठाण्याहूनच मागवावं लागायचं.

भाताचा भाव, एसटीचं टायमिंग, दाखल्याला काय कागद लागतात, सगळं त्यात होतं. आणि एक पान होतं दवाखान्यांचं. आजूबाजूच्या चार सरकारी आरोग्य केंद्रांत कोणतं औषध किती आहे ते. राहीला त्या पानाचा फार अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची. "बघा, कुत्र्याचं इंजेक्शन कुठं, सापाचं कुठं, सगळं इथं बसून!"

पुढल्या वर्षी भातकापणीत वाडीवरच्या ठमीला घोणस चावली. भर दुपारी तिचा नवरा मंगळू आणि दोघं जण तिला झोळीत घालून रस्त्यावर आले. मंगळूला तिला डोंगरावरच्या भगताकडे न्यायचं होतं. राही काठी टेकत टपरीबाहेर आली आणि तिने रस्ताच अडवला.

"भगत काय करंल रे? मंतर मारून इख उतरतंय? थांब, डब्यात बघते."

शिट्टी वाजली, पान आलं. नदीपलीकडचं केंद्र, सापाची लस, बारा. राहीने मोठ्याने वाचलं, दोनदा वाचलं. मंगळू अडखळला. तिने आपल्या ओळखीची जीप थांबवली, ठमीला आत घातलं आणि ड्रायव्हरला दम भरला, "गाडी कुठं थांबवायची नाय!"

नदीपलीकडच्या केंद्रात लसीचं कपाट रिकामं होतं. आषाढापासून रिकामं. तिथून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला दोन तास गेले. ठमी वाचली. पायाची तीन बोटं काढावी लागली, आणि चिखलात उभं राहून लावणी करायची तिची गत राहिली नाही.

महिन्याने मंगळू टपरीवर आला. राहीला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राहीबाय, भगताला कळत नसलं ना, तर तो सांगतो, माझ्या हातचं नाय, दुसरीकडं न्या," तो म्हणाला. "तुझा डबा तेवढंबी बोलला नाय."

एवढं बोलून तो गेला, तो पुन्हा टपरीची पायरी चढला नाही. बाजाराच्या दिवशीसुद्धा समोरच्या बाजूने जायचा.

राहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गुप्ते साहेबांना फोन लावला.

"अहो साहेब, ह्या पानात लिवतंय कोण?"

गुप्ते साहेबांनी शांतपणे समजावलं. केंद्राकडून महिन्याला एक फॉर्म येतो, पोस्टाने. टायपिस्ट तो आकडा कॉम्प्युटरला देते. फॉर्म नाही आला तर जुनाच आकडा राहतो.

"मग जागा रिकामी ठेवा की!"

"रिकामी ठेवता येत नाही. कॉम्प्युटरला तिथे आकडा लागतो."

"आकड्याम्होरं तारीख तरी टाका. मानसाला कळंल, कधीचं हाय ते."

"पानात जागा नाही, राहीबाई. चोवीस ओळी भरल्यात."

"मग मला लिवू द्या. मी रोज फोन करून इचारते आन खरं लिवते."

"तुमचं यंत्र वाचायला दिलंय. लिहायचा अधिकार ठाण्याला."

राहीने रिसीव्हर असा आदळला की कोपऱ्यातला पंखा बंद पडला. बारा! त्या मेल्या पानावर अजून बारा होते. ठमीची बोटं गेली तरी बाराचे अकरा झाले नव्हते. फ्रान्सहून डबा आला, तारेतून शिट्टी आली, आणि शेवटी सगळं अडलं कुठे, तर पोस्टाने न आलेल्या एका फॉर्मपाशी!

पण एक पान असं होतं, जिथे चौदाही डब्यांना लिहायची मुभा होती. निरोपाचं पान. म्हशाच्या जत्रेला कोण कधी निघणार, कुणाची म्हैस हरवली, कुणाची सापडली. राहीने दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला चारही केंद्रांना आणि तालुक्याच्या दवाखान्याला फोन लावायला सुरुवात केली. एका केंद्रातली नर्स तर वैतागून म्हणायची, "रोज काय इचारतेस गो? लस काय अंडी घालते?" राही म्हणायची, "बाय, तू नुसती कपाट उघडून बघ." मग डब्यावर एकेक अक्षर ठोकत ती खरं काय ते निरोपात लिहायची.

आठवडाभरात ठाण्याहून तंबी आली. आरोग्याची माहिती निरोपाच्या पानात चालणार नाही, नियमात बसत नाही. टायपिस्टबाई रोज दुपारी ते पुसून टाकायला लागल्या. राही चरफडली, दोन दिवस कोंडूवर विनाकारण ओरडली. तिसऱ्या दिवशी तिने नियमात बसेल असं लिहिलं.

"हरवली आहे: सापाची लस. नदीपलीकडच्या केंद्रातून, आषाढापासून. सापडली आहे: तालुक्याला, सहा बाटल्या. आज सकाळी आठ."

हरवल्या-सापडल्याचं पुसायचा नियम टायपिस्टबाईंकडे नव्हता. म्हशीच्या खाली ते राहिलं. मग रोज. कधी लस हरवायची, कधी सापडायची, चौदा गावं वाचायची. खर्डीचा बूथवाला हसत फोन करायचा, "राहीताई, आज तुझी म्हैस कुठं बांधलीय?" दवाखान्यांच्या पानावर मात्र बाराचे बाराच. तिने पत्रं लिहिली, पुन्हा फोन केले, एकदा त्या पायाने ठाण्यालाही जाऊन आली. तिथे तिला चहा मिळाला, बाकी काही नाही.

दोन हजार एक साली गुप्ते साहेब टेम्पो घेऊन आले. संस्थेचं काम संपलं होतं, डबे परत न्यायचे होते.

"आता इंटरनेट येणार, राहीबाई. हे जुनं झालं."

"त्यात कोन लिवनार?"

"ते सगळं आपोआप असतं."

राही इतकं हसली की तिला ठसका लागला. मग तिने एका कागदावर सही केली. यंत्र चालू स्थितीत परत मिळाले, असं त्यावर छापलेलं होतं. टिकल्या तिने काढल्या नाहीत. जाऊ दे म्हणाली, मुडद्याला कुंकू असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले. राहीने फोनकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. कुणासाठी करायचा? लिहायचं कुठे? तीन वर्षं घसा कोरडा केला आणि एक आकडा बदलून घेता आला नाही. खड्ड्यात गेली लस! त्या दिवशी तिने एकाही केंद्राला फोन लावला नाही.

दुपारी एक जीप करकचून टपरीसमोर थांबली. मागे कोणीतरी कण्हत होतं. पुढून उडी मारून मंगळू पायरी चढून आत आला. तीन वर्षांनी.

"राहीबाय, आमच्या वाडीवरल्या पंढरीला घोणस चावली, पेंढा रचताना. आज कुठं हाय?"

राहीने सवयीने टेबलाकडे बघितलं. डब्याच्या जागी धुळीची चौकोनी खूण होती. तिला एकदम रडूच आलं. आजचाच दिवस! रोज विचारलं, आजच नाही विचारलं. जिभेवर कालचं उत्तर तयार होतं. तालुक्याला, चार बाटल्या. काल होत्या, आज कशाला नसतील? मंगळू तिच्या तोंडाकडे बघत होता. ती सांगेल तिकडे जीप निघणार होती.

"मला म्हाईत नाय, मंगळूदादा," राही म्हणाली. "आज मी इचारलं नाय. थांब."

मंगळू थांबला. भगताकडे जाऊ म्हणाला नाही, ओरडला नाही, दाराला हात लावून उभा राहिला. राहीने पहिला नंबर फिरवला.

"बाय, राही बोलते, किन्हवली. कपाट उघड. नाय, कालचं सांगू नको, उठून बघ."